शेजारच्या खुर्चीतला पाळक: शिकागो, १९६५ ते १९७०

मरणाच्या पाच पायऱ्या आता आपल्याकडे व्हॉट्सॲपवरसुद्धा फिरतात. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. नर्सिंगच्या विद्यार्थिनी त्या परीक्षेसाठी पाठ करतात, समुपदेशनाच्या शिबिरात पहिल्याच तासाला त्या फळ्यावर येतात. त्यांचे श्रेय एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना मिळते आणि ते रास्तच आहे. पण ज्या मुलाखतींमधून त्या पायऱ्या निघाल्या, त्यांतल्या काही त्यांच्या १९६९ च्या पुस्तकात शब्दशः छापलेल्या आहेत. ती पाने उघडली की बोलणारे पुष्कळदा तिघे दिसतात: डॉक्टर, रुग्ण आणि चॅप्लेन. हा तिसरा माणूस पुढे चर्चेतून गळून गेला.

चॅप्लेन म्हणजे इस्पितळाच्या नोकरीत असलेला धर्मगुरू. मिशनच्या इस्पितळांमुळे आपल्याकडेही वॉर्डातून फिरणारे पाळक किंवा फादर पाहिलेली माणसे आहेत. मात्र मरणाऱ्या माणसाशेजारी बसणे हे रीतसर शिकायचे, तपासून घ्यायचे आणि पगार घेऊन करायचे काम आहे, ही कल्पना जिथे आकाराला येताना दिसते ते ठिकाण म्हणजे शिकागो विद्यापीठाचे बिलिंग्ज हॉस्पिटल. डॉक्टरांची बाजू अनेकांनी लिहिली आहे, म्हणून मी हे प्रकरण चॅप्लेनच्या खुर्चीकडून मांडतो.

मरणारे कोणीच नाही

१९६५ च्या शरद ऋतूत शिकागो थिऑलॉजिकल सेमिनरीचे चार विद्यार्थी कुब्लर-रॉस यांच्याकडे आले. पाळक होण्याचे शिक्षण घेणारी ही मुले. माणसाच्या आयुष्यातले संकट या विषयावर त्यांना निबंध लिहायचा होता आणि मरण हेच सगळ्यांत मोठे संकट, असे चौघांचे मत पडले होते. प्रश्न साधाच होता: मरणाचा अभ्यास करायचा कसा? प्रयोग करून पाहता येत नाही, अनुभव घेऊन परत येता येत नाही.

कुब्लर-रॉस त्याच वर्षी डेन्व्हरहून शिकागोला आल्या होत्या. जन्म झुरिकचा, १९२६ चा, तिळ्यांपैकी एक. डेन्व्हरला त्यांनी एकदा रक्ताचा कर्करोग झालेल्या सोळा वर्षांच्या मुलीला थेट वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वर्गात आणले होते आणि हवे ते विचारा, असे सांगितले होते. त्यामुळे या चौघांना त्यांनी दिलेले उत्तरही त्याच धाटणीचे होते. मरणाऱ्यांनाच विचारू या. तेच आपले शिक्षक.

मग त्या वॉर्डावॉर्डांत परवानगी मागत फिरल्या आणि सहाशे खाटांच्या त्या इस्पितळात मरणाला टेकलेला एकही रुग्ण नाही, असे त्यांना कळले. कोणी म्हणाले रुग्ण फार थकला आहे, कोणी म्हणाले तो बोलण्याच्या मनःस्थितीत नाही, कोणी सरळ चिडले. विशीतल्या पोराला तू दोन आठवड्यांचा सोबती आहेस हे सांगण्यात तुम्हाला मजा वाटते का, असे एका परिचारिकेने त्यांना विचारले.

या माणसांना दुष्ट ठरवण्याआधी त्या काळाची वैद्यकीय रीत पाहायला हवी. १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतच, मायकेल रीज हॉस्पिटलमधल्या दोनशेहून अधिक डॉक्टरांना विचारले होते की कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगावे का. सुमारे ९० टक्क्यांचा कल न सांगण्याकडे होता. म्हणजे 'पेशंटला कळू देऊ नका' हे वाक्य आपण खास भारतीय कुटुंबवत्सलतेचे लक्षण समजतो, तेच त्या काळी अमेरिकेत डॉक्टरी शिष्टाचाराचा भाग होते. जिथे निदानच लपवलेले, तिथे रुग्णाशी मरणाबद्दल बोलायला चार पोरे घेऊन येणारी बाई म्हणजे घरफोडीच.

अखेर एका म्हाताऱ्या रुग्णाची परवानगी मिळाली. कुब्लर-रॉस त्याला आधी एकट्या भेटायला गेल्या. त्याने हात पुढे केले, बसायला सांगितले, त्याला त्याच क्षणी बोलायचे होते. आज नको, उद्या विद्यार्थ्यांना घेऊन येते, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सगळे पोहोचले तेव्हा तो उशीवर मागे टेकून पडला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. प्रयत्न केल्याबद्दल त्याने आभार मानले. तासाभरात तो गेला. जे सांगायचे होते ते सोबत घेऊन गेला.

ही हकीकत कुब्लर-रॉस यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे, आपल्या उणिवेसकट. ती वाचून बहुतेक जण हळहळतात आणि पुढे जातात. मला यात धंद्याचा धडा दिसतो. डॉक्टरांनी वेळ ठरवली होती ती वर्गाच्या सोयीने. इस्पितळातले प्रत्येक खाते आपले घड्याळ घेऊन खाटेपाशी येते: औषधाचे, राउंडचे, एक्स-रेचे, भेटीच्या वेळेचे. रुग्णाच्या घड्याळावर चालणारे खातेच नव्हते. चॅप्लेनची जागा नेमकी इथे रिकामी होती, आणि गंमत म्हणजे तो त्या इमारतीत आधीपासून नोकरीला होता.

चौघांच्या आधीचे चौघे

धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे सुचले कसे? यामागे अँटन बॉयसन नावाचा एक विलक्षण माणूस आहे. १८७६ चा जन्म, पाळकाचे शिक्षण घेतलेला. १९२० साली त्याला वेडाचा जबरदस्त झटका आला आणि बरेच महिने मनोरुग्णालयात काढावे लागले. आत असताना त्याच्या लक्षात आले की डॉक्टरांना आपल्या भ्रमांमधला धार्मिक आशय समजत नाही आणि भेटायला येणाऱ्या धर्मगुरूंना वेड समजत नाही. बरा झाल्यावर १९२४ साली तो मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये चॅप्लेन म्हणून रुजू झाला. एके काळचा रुग्ण आता दुसऱ्या मनोरुग्णालयाच्या किल्ल्या घेऊन फिरत होता. पुढच्याच उन्हाळ्यात, १९२५ ला, त्याने धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तिथे आणले आणि त्यांना वॉर्डात अटेंडंट म्हणून कामाला लावले. ग्रंथ वाचता तसे माणूस वाचायला शिका, जिवंत माणूस हाच दस्तऐवज आहे, हे त्याचे सूत्र.

'क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन' या शिक्षणपद्धतीचा उगम तो. आजही तिचा कणा एकच आहे. विद्यार्थी रुग्णाला भेटतो, बाहेर येऊन संभाषण आठवेल तसे ओळीने लिहून काढतो: तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, तो गप्प झाला तेव्हा मी काय केले. मग तो कागद गटासमोर वाचला जातो. तिथे चिरफाड होते ती विद्यार्थ्याची. रुग्णाने 'मी घरी जाईन का?' असे विचारल्यावर तू लगेच प्रार्थना का सुरू केलीस? कोणाच्या सोयीसाठी? ज्यांनी असे कागद वाचले आहेत त्यांना ठाऊक असेल की आपले स्वतःचे वाक्य पांढऱ्यावर काळे दिसले की किती ओशाळायला होते.

बॉयसन पुढे शिकागो परिसरात आला, एल्जिनच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन राहिला आणि शिकागो थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवत राहिला. ते चौघे विद्यार्थी त्याच सेमिनरीचे. बॉयसन १९६५ सालीच वारला. या चौघांनी त्याला पाहिले होते का हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, मरणाऱ्यालाच शिक्षक मानण्याची कल्पना त्या सेमिनरीच्या पोरांना परकी वाटण्याचे कारण नव्हते. शिकागोच्या प्रकरणात मनोविकारशास्त्राने धर्मगुरूंना वाट दाखवली असे सांगितले जाते. मला ते अर्धेच पटते. दारावर थाप धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मारली होती.

काचेपलीकडचा वर्ग

म्हाताऱ्याच्या प्रसंगानंतर काम थांबले नाही. सुरुवातीला मुले खाटेभोवती उभी राहत. ऐकणाऱ्यांची संख्या वाढून पन्नासच्या घरात गेली तेव्हा मुलाखत एका लहान खोलीत होऊ लागली आणि वर्ग एकतर्फी काचेपलीकडे बसू लागला. काचेपलीकडे कोण आहेत हे रुग्णाला आधी सांगितले जाई, त्याची संमती घेतली जाई. मुलाखत संपली, रुग्ण खोलीत परतला की चर्चा. चर्चेत रुग्णाबद्दल जितके बोलले जाई तितकेच ऐकणाऱ्यांना काय झाले याबद्दल. १९६७ पर्यंत हा वैद्यकीय आणि धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी रीतसर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम झाला होता. काही वर्षांत दोनशेहून अधिक रुग्ण त्या खोलीत येऊन बोलले आणि नकार देणारे अगदी थोडे निघाले. परवानगी मागितल्यावर आढेवेढे घेणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण मात्र त्याच्या नेमके उलट होते.

आता मुख्य मुद्दा. कुब्लर-रॉस यांचे धर्मगुरूंविषयीचे निरीक्षण झोंबणारे आहे. रुग्णाशी संवाद म्हणून केवळ प्रार्थनेचे पुस्तक किंवा बायबलचा एखादा अध्याय वापरून निघून जाण्यात किती धर्मगुरूंना काहीच खटकत नाही, याचे त्यांना नवल वाटले. वाचन सुरू असेपर्यंत रुग्ण प्रश्न विचारू शकत नाही, आणि ज्या प्रश्नांना आपल्याकडे उत्तर नाही ते ऐकावे लागत नाहीत. डॉक्टर तापाच्या तक्त्याआड लपतो, धर्मगुरू स्तोत्राआड. एकाला तरी आपण लपलोय याची जाणीव असते. दुसऱ्याला आपण सेवा केली असे वाटते.

याचा अर्थ प्रार्थना नको असा नाही. त्या खोलीत प्रार्थना झाल्या असतील, व्हायलाच हव्यात. फरक क्रमाचा आहे. आधी ऐकायचे, मग रुग्णाने मागितले तर, त्याच्याच बोलण्यातले शब्द घेऊन प्रार्थना करायची. हे ऐकायला सोपे वाटते. धर्मगुरूला ते सर्वांत अवघड जाते, कारण त्याच्या हातातले एकमेव हत्यार त्याला दाराबाहेर ठेवून आत जावे लागते.

पुस्तकातल्या मुलाखतींपैकी एक हॉजकिन्स हा लसिका ग्रंथींचा कर्करोग झालेल्या तरुण जोगिणीची, कॅथॉलिक सिस्टरची आहे. वॉर्डाला ती नकोशी झाली होती. इतर आजाऱ्यांच्या खोल्यांतून फिरायची, त्यांना काय हवे-नको ते विचारायची आणि मग परिचारिकांच्या टेबलासमोर उभी राहून त्यांच्या वतीने तणतणायची. कर्मचाऱ्यांना ती आगाऊ वाटत होती. मुलाखतीत उमगत गेले की तिचा संताप जुना होता, घरापासूनचा, मठातला, आजारातला, आणि देवाशी असलेल्या तिच्या नात्यातही तो मिसळलेला होता. अशा बाईला 'देवाच्या इच्छेपुढे नमा' म्हणणारा धर्मगुरू पहिल्या वाक्यातच बाद झाला असता. धर्माच्या माणसासमोर देवावरचा राग मोकळेपणाने काढता येणे, त्याने दचकून तो मिटवायला न धावणे, हीच तिची शुश्रूषा होती. डॉक्टरासमोर तोच राग हे लक्षण ठरते आणि नोंदवले जाते. चॅप्लेनसमोर तो तक्रार ठरतो, आणि तक्रार ऐकून घेणारा त्या दरबारचाच कोणी असावा लागतो. बायबलमधल्या, देवाकडेच दाद मागणाऱ्या ईयोबाची गोष्ट ज्यांना माहीत आहे, किंवा विठ्ठलाला शिव्या देणारी जनाबाई, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

नाइसवाँगरचे फाटे

बिलिंग्जचे चॅप्लेन कार्ल नाइसवाँगर या उपक्रमातले कुब्लर-रॉस यांचे भागीदार होते. त्यांचे नाव आता थिऑलॉजीच्या जुन्या नियतकालिकांतच सापडते. रुग्ण तेच, खोली तीच, पण त्यांना जे दिसले ते त्यांनी वेगळ्या रीतीने मांडले, आणि माझ्या मते ते खाटेपाशी अधिक कामाचे आहे.

कुब्लर-रॉस यांच्या मांडणीत टप्पे आहेत. त्या स्वतः सांगत की टप्पे एकात एक मिसळतात, मागेपुढे होतात. पण पायऱ्या म्हटल्या की त्या चढायच्या असतात, आणि वॉर्डात लवकरच 'अजून स्वीकाराला आला नाही' असे शेरे ऐकू येऊ लागले. सगळे रुग्ण या क्रमाने जातात याला पुढच्या संशोधनात आधार मिळाला नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

नाइसवाँगर यांनी सहा नाट्ये सांगितली, आणि प्रत्येकात दोन वाटा. पहिल्या धक्क्यात एक वाट नकाराची, दुसरी भेदरून जाण्याची. भावनांच्या नाट्यात एकीकडे मन मोकळे होणे, दुसरीकडे आतल्या आत कोंडून खचणे. वाटाघाटीच्या वेळी सौदा करणे किंवा स्वतःला पार विकून टाकणे. बुद्धीने समजून घेताना वास्तव धरून ठेवलेली आशा किंवा निराशा. बांधिलकीच्या पातळीवर स्वीकार किंवा नुसतीच शरणागती. आणि शेवटी कृतार्थता किंवा एकाकी टाकलेपण.

यातली तिसरी जोडी पाहा. नव्या उपचाराची अट घालून देवाशी, डॉक्टरांशी, स्वतःशी 'नातीचे लग्न पाहू दे, मग काहीही होवो' असा सौदा करणाऱ्या माणसाकडे अजून स्वतःचे काही आहे, तो भाव करतोय. तोच माणूस 'तुम्ही म्हणाल तिथे सही करतो' म्हणू लागला की वॉर्डाला तो फार समजूतदार वाटतो. नाइसवाँगरच्या नजरेने पाहिले तर तिथे थांबून चौकशी करायला हवी. पाचवी जोडीही तशीच. स्वीकार आणि शरणागती बाहेरून एकसारख्याच शांत दिसतात. कोणती शांतता कोणती, हे ओळखण्यासाठी त्या माणसाला महिनाभर आधीपासून ओळखणारे कोणी लागते. पायऱ्यांच्या मांडणीत शेजारी बसलेल्या माणसाला फक्त पाहायचे असते; फाट्यांच्या मांडणीत त्याला कामाला जुंपले जाते, कारण रुग्ण कोणत्या वाटेने जाईल हे शेजारी कोण बसले आहे यावरही ठरते. पाळकाने केलेली मांडणी ही अशीच असणार. तो निदान करायला आलेला नाही.

मग ती मागे का पडली? मला वाटते, सहा जोड्या लक्षात राहत नाहीत, पाच शब्द राहतात. एवढेच साधे कारण असावे.

प्रसिद्धी आणि तिचा खर्च

२१ नोव्हेंबर १९६९ च्या 'लाइफ' साप्ताहिकात या वर्गावर लेख आला. ल्युकेमिया झालेली एक विशीतली सुंदर मुलगी काचेअलीकडे बसून बोलते आहे, हसते आहे, अशी छायाचित्रे. देशभरातून पत्रांचा पाऊस पडला. इस्पितळाला मात्र हा प्रकार रुचला नाही. कर्करोग बरा करण्याबद्दल नाव व्हावे म्हणून वर्षानुवर्षे खपलो आणि ही बाई मरणाऱ्यांसाठी आपले नाव करते आहे, असा सूर होता, असे कुब्लर-रॉस यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. लवकरच त्यांनी ते विद्यापीठ सोडले. त्यांचे पुढचे आयुष्य व्याख्याने, कार्यशाळा आणि मरणोत्तर जीवनाविषयीचे दावे यांत गेले. कॅलिफोर्नियात एस्कॉन्डिडो इथे त्यांनी काढलेल्या केंद्राचे नाव 'शांती निलय' होते, आणि तिथल्या मृतात्म्यांशी संपर्क साधून देण्याच्या प्रकारांनी त्यांच्या नावाला बराच डाग लागला. २००४ साली त्या वारल्या.

चॅप्लेन मागे राहिले. या वर्गात कुब्लर-रॉस यांच्या बरोबरीने काम केलेले कृष्णवर्णीय पाळक रेनफर्ड गेन्स यांनी पुढे म्वालिमू इमारा हे नाव घेतले आणि मरण हा वाढीचा अखेरचा टप्पा कसा, यावर १९७५ साली एक लांब निबंध लिहिला. इतरांनी लिहिलेही नाही, ते वॉर्डात जात राहिले. या पेशाची वाढ झाली ती अशा न गाजलेल्या कामातून आणि नियमांच्या बारीक अक्षरांतून. १९६७ साली क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनच्या वेगवेगळ्या संस्था एकत्र होऊन एक राष्ट्रीय संघटना झाली. १९७९ पर्यंत डॉक्टरांचेही मत पालटले: त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कर्करोगाचे निदान सांगावे म्हणणारे ९७ टक्के निघाले. १९८२ च्या कायद्याने अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्यातून हॉस्पिसचा, म्हणजे मरणाला टेकलेल्या रुग्णांच्या अखेरच्या शुश्रूषेचा, खर्च मिळू लागला, आणि त्यासाठी हॉस्पिसच्या चमूत डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांच्यासोबत चौथा माणूस सक्तीचा केला गेला: पाळक किंवा तत्सम समुपदेशक. माझ्या मते पाच पायऱ्यांपेक्षा या एका कलमाने जास्त मरणाऱ्यांच्या शेजारी खुर्ची आणून ठेवली. आज तिथे पूर्ण प्रमाणित चॅप्लेन व्हायला धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि वर सांगितलेल्या प्रशिक्षणाची चार सत्रे लागतात, प्रत्येकी किमान ४०० तासांचे सत्र.

हे सगळे भाबडेपणाने स्वीकारावे असे नाही. ट्रेसी बाल्बोनी आणि सहकाऱ्यांनी वाढत्या कर्करोगाच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत एक विचित्र जोडी दिसली. ज्यांना इस्पितळाच्या चमूकडून आध्यात्मिक आधार मिळाला ते अखेरीस हॉस्पिसकडे अधिक वळले. ज्यांना आधार आपल्या चर्चकडून, समाजाकडून भरपूर मिळत होता, त्यांच्या वाट्याला मात्र अतिदक्षता विभागात मरणे अधिक आले. देव चमत्कार करील, हार मानू नका, असे मंडळी प्रेमानेच म्हणत असणार. आकड्यांमागची कारणे अनेक असतील, पण ज्याने शिकागोच्या खोलीतले निरीक्षण वाचले आहे त्याला हे अनपेक्षित वाटणार नाही. धार्मिक असणे आणि मरणाऱ्याचे ऐकता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

आपल्या वॉर्डात हे काम कोणाचे

शिकागोची व्यवस्था आपल्याकडे उचलून आणता येणार नाही, आणूही नये. सरकारी वॉर्डात एका ओळीत वारकरी, बौद्ध, मुसलमान, लिंगायत, ख्रिस्ती असे सगळे झोपलेले असतात. भटजी खाटेपाशी बोलावण्याची रीत नाही. जे करायचे ते घरचे करतात, गंगाजल, तुळशीपत्र, उशाशी हरिपाठ. कोणी यासीन पढतात, कोणी भंतेजींना बोलावतात. आणि अलीकडे एक नवीन प्रकार सर्रास दिसतो: उशीजवळ मोबाइलवर नामस्मरण लावायचे आणि नातेवाइकांनी बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. त्या नामात वाईट काही नाही. पण बाईला थोरल्या मुलाशी दोन शब्द बोलायचे असतील, शेताच्या वाटणीचे, सुनेच्या दागिन्यांचे, किंवा नुसते 'मला भीती वाटते' एवढे, तर तो आवाज बंद कोण करणार? १९६५ च्या धर्मगुरूंचे प्रार्थनेचे पुस्तक ते हेच.

वर अमेरिकेतल्या चमूत चॅप्लेनच्या शेजारी समाजसेवक आला. या दोघांचे कूळ एकच आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या रिचर्ड कॅबट या डॉक्टरने १९०५ साली तिथे वैद्यकीय समाजकार्याचा पाया घातला, आणि त्याच कॅबटने १९२५ साली धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही डॉक्टरांसारखे एक वर्ष रुग्णांमध्ये काढू द्या असा आग्रह धरून बॉयसनच्या पाठीशी बळ उभे केले. यातली समाजकार्याची फांदी मुंबईत रुजली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्याला नेबरहूड हाउस उभारले आणि १९३६ साली टाटांच्या मदतीने समाजकार्याची शाळा सुरू केली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. चॅप्लेनची फांदी मात्र इथे मिशनच्या इस्पितळांबाहेर फारशी आली नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ती नीट शिकवली जाते. मुंबईत बांद्र्याला १९८६ साली डॉ. लुईस डिसोझा यांनी सुरू केलेल्या शांती आवेदना सदनात, देशातल्या पहिल्या हॉस्पिसमध्ये, सिस्टर ते काम वेगळे नाव न देता करत आल्या.

म्हणजे सरकारी रुग्णालयात या कामाच्या सर्वांत जवळ जो माणूस उभा आहे तो समाजसेवा अधीक्षक. त्याच्या टेबलावर काय असते हे पाहिले तर कळते की त्याला बसायला फुरसत का नाही. पिवळे-केशरी रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जनआरोग्य योजनेत बसणारे आणि न बसणारे उपचार, ट्रस्टांना पत्रे, बेवारस रुग्ण. योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र असतो, पण त्याचे काम मंजुरीचे. तरीही मरणाची गोष्ट बहुधा याच टेबलावर पहिल्यांदा निघते, कारण नातेवाईक कागद घेऊन येतो, खुर्चीत बसतो आणि सह्या झाल्या तरी उठत नाही. 'साहेब, त्यांना सांगायचं का?' हा प्रश्न डॉक्टरांना दारात विचारला जातो, अधीक्षकाला बसून.

हा प्रश्न आता कायद्यानेही टळणारा नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांबद्दल आधीच लेखी इच्छा नोंदवण्याचा हक्क दिला आणि २०२३ साली त्याची किचकट पद्धत सोपी केली. आता नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर काम होते. पण त्या कागदावर सही होण्याआधी कोणीतरी त्या माणसाशी त्याच्या मरणाबद्दल बोललेले असावे लागते, आणि ते संभाषण नोटरी करणार नाही.

अधीक्षकांना शिकागोच्या पद्धतीतून घेण्यासारखे एकच आहे, आणि त्याला धर्म लागत नाही: संभाषण ओळीने लिहून काढणे आणि आठवड्यातून एकदा चौघांत ते वाचणे. खर्च शून्य. विभागप्रमुखाने तासभर मोकळा करून दिला तर होण्यासारखे. पण तेवढ्याने म्हाताऱ्याचा प्रश्न सुटत नाही. अधीक्षकाची वेळ कार्यालयीन असते. माणसांना बोलावेसे वाटते ते बहुधा दिवे मंद झाल्यावर, भेटणारे गेल्यावर. तेव्हा वॉर्डात उरतात एक-दोन सिस्टर, पन्नास रुग्ण, आणि मावशी.

कुब्लर-रॉस यांनी आत्मचरित्रात एका कृष्णवर्णीय सफाई कामगार बाईबद्दल लिहिले आहे. ती ज्या खोल्यांतून झाडलोट करून जायची तिथले मरणोन्मुख रुग्ण नंतर निवांत दिसायचे. काय करतेस तू, असे विचारल्यावर आधी ती घाबरली. मग कळले की तिचा लहान मुलगा सरकारी इस्पितळात उपचारांची वाट पाहत तिच्या मांडीवर गेला होता. मरण तिला अनोळखी नव्हते, म्हणून ती अशा माणसांचा हात धरायला कचरत नव्हती. कुब्लर-रॉस यांनी तिला आपली सहायक नेमले, आणि डॉक्टरांमध्ये त्यावरून बरीच नापसंती उमटली.

आपल्याकडे उपशामक सेवेची शिबिरे होतात तेव्हा बोलावणे डॉक्टरांना, परिचारिकांना आणि फार झाले तर समाजसेवकांना जाते. रात्रपाळीच्या मावशी आणि मामांची नावे त्या यादीत घालायला हवीत. त्यांतल्या बऱ्याच आज कंत्राटदाराकडून येतात, तेव्हा प्रशिक्षणाचे तास ड्यूटीत धरले जातील ही अट निविदेतच लिहावी लागेल, नाहीतर त्या यायच्या नाहीत आणि त्यांना दोष देता येणार नाही.